इंडी रॉकची बत्तिशी

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, जन्मभर लोकांचे दात करत आले. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडात डोकावतो आणि माप घेतो. त्या मापावरून कवळी, कॅप, ब्रिज, जे लागेल ते घडवणारा माणूस मागच्या गल्लीत पांढऱ्या धुळीत बसलेला असतो. ते भाऊजी. अर्ध्या शहराच्या हसण्याला त्यांचा हात लागलेला होता आणि रस्त्यात त्यांना कोणी ओळखत नसे. ते मात्र ओळखत. दुकानात एखादी बाई हसली की माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "वरचे डावीकडचे दोन माझे." बाईचा चेहरा कसा होता विचाराल, तर सांगता यायचा नाही.

अशा माणसावर लिहायचं तर त्याच्या कारागिरीवर लिहावं. मी त्यांच्या इंडी रॉकवर लिहिते आहे, कारण दातांतलं मला काही कळत नाही आणि इंडी रॉकमधलं बरंच कळतं, असा माझा समज होता. तो कसा गेला तेही सांगते. लपवून उपयोग नाही, कारण पुतणी आल्या-गेल्याला सांगत सुटली आहे.

इंडी रॉक म्हणजे काय ते माझ्या वयाच्या वाचकांसाठी सांगते; बाकीच्यांनी पुढे जावं. ज्या बँडमागे मोठी कंपनी नाही, चार मित्रांनी कोणाच्या तरी तळघरात भिंतींना गाद्या लावून गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत, आणि कार्यक्रम संपल्यावर दाराशी उभं राहून पिशवीतून काढून विकली आहेत, ते इंडी रॉक. गाणाऱ्याचा गळा बहुधा यथातथा. गिटार कधी कुजबुजते, कधी पत्र्यावर दगड पडावेत तशी कोसळते. लहानपणी मलाही गाणं शिकायला घातलं होतं. दुसऱ्याच महिन्यात बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि "मुलगी अभ्यासात हुशार आहे" एवढंच सांगितलं. त्यामुळे सुरात नसलेला माणूस जीव तोडून गातो आहे आणि लोक मन लावून ऐकताहेत, हे प्रथम कानावर पडलं तेव्हा मला फार बरं वाटलं. उशिरा का होईना, माझ्या बाजूने कोणीतरी बोललं होतं.

पण ते कानावर पडायलाही अपघात व्हावा लागला. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर तर्क ऐकवायला घरात फक्त आमचे हे उरले, आणि ते दिवसभर बातम्या ऐकतात. एके दिवशी, माझे दात अजून किती पक्के आहेत हे त्यांना दाखवण्यासाठी मी अक्रोड दातांनी फोडायला घेतला. अक्रोड फुटला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी दात दाखवून केलं. पुढचे दोन गेले, तिसरा हलायला लागला.

डॉक्टरांनी माप घेऊन भाऊजींकडे पाठवलं. भाऊजींनी मेणावर दात रचले आणि ते माझ्या तोंडात बसवून म्हणाले, "वहिनी, आता दात मिटून शांत बसायचं. बोललात तर सगळं हलेल." मग स्वतः कामाला लागले. ती खोली म्हणजे एक लांबट बोळ होता. भिंतीशी लाकडी ओटा, त्यावर प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायची वाटी, घासायचं मशीन, ओट्याखाली धूळ ओढून घेणारं मशीन, आणि वर फळीवर पांढऱ्या पडलेल्या दोन स्पीकरांतून गाणी. एरवी मी दुसऱ्याच मिनिटाला "बंद करा हो ते" म्हटलं असतं. तोंडात मेण होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं तरी सलग चाळीस मिनिटं ऐकून घेतलं.

तो अल्बम होता 'उसना कोट'. बँडचं नाव 'तीन पायांचं स्टूल'. तिघेच होते, आणि ड्रमवाल्याला ताल धरून ठेवण्यापेक्षा सोडून देण्यात जास्त रस होता. पहिली तीन गाणी मी कपाळाला आठ्या घालून ऐकली. चौथं सुरू झालं, 'जिना'. त्यात एक माणूस घराचा जिना उतरतो आहे, बस्स, एवढंच आहे. उतरता उतरता एकेक वाद्य गळून पडतं, शेवटी बेस गिटारचा एकच सूर उरतो, आणि त्या सुराच्या खाली काहीतरी घुमत राहतं. खोल, सलग, श्वास न घेता. भाऊजींनी मेणाची सुरी हातात तशीच ठेवून डावा हात वर केला. गप्प राहा, अशी खूण. मी गप्पच होते, पण त्यांची ती सवयच होती; त्या जागी हात वर जायचाच, खोलीत कोणी असो नसो.

गाणं संपलं. मी मेणासकट काहीतरी म्हणाले. दात हलले. सगळं पहिल्यापासून करावं लागलं, आणि 'जिना' पुन्हा ऐकायला मिळाला.

तेव्हापासून मी तिथे रोज जाऊ लागले. दात केव्हाच बसले होते. आमचे हे म्हणायचे, "किती दात आहेत तुला?"

भाऊजींना या संगीताचा नाद कसा लागला तेही सांगते. त्यांच्या तरुणपणी एका गाणाऱ्याचा पुढचा दात कार्यक्रमात माइकवर आपटून तुटला होता. भाऊजींनी कॅप इतकी बेमालूम केली की तो पोरगा दुसऱ्या दिवशी आपल्या बँडचा अल्बम घेऊन आला. भाऊजींनी शिष्टाचार म्हणून लावला आणि अडकले. कामाशिवाय गाणं ऐकणं त्यांना चैन वाटे. घरी कधी ऐकलं नाही. ऐकायचं ते ओट्यावर, हातात कोणाचा तरी दात धरून.

मी आल्यावर पहिली सुधारणा सुचवली ती क्रमवारीची. शिक्षिकाच मी. कोण पहिला, कोण दुसरा, हे ठरल्याशिवाय मला आवडल्यासारखं वाटत नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तोंडातला पहिला नंबरचा दात कुठला, सांगा बघू." मला सांगता आलं नाही. मग त्यांच्या पद्धतीने झालं. भिंतीवर दोन फळ्या, वरची आणि खालची, प्रत्येकीवर सोळा अल्बम. एकूण बत्तीस. त्याला आम्ही बत्तिशी म्हणू लागलो.

मधले पटाशीचे, म्हणजे पाहुण्यांना ऐकवण्याजोगे. 'उन्हातले मोजे' हा तसला. गोड, हसरा, पुन्हा लावावासा न वाटणारा. दाखवायचे दात. त्यांच्या बाजूला सुळे. यात जिभेला धार असलेले, राग आला की लावायचे. 'पार्किंग मनाई' या बँडचा 'ओला रंग' वर्षानुवर्षं वरच्या डाव्या सुळ्याच्या जागी होता. सुनेशी भांडण झालेल्या बायकांना मी तो औषधासारखा सुचवत असे. मग दाढा, रोजच्या चावण्याच्या. यांत नवल काही नसतं, पण त्यांच्यावाचून दिवस जात नाही. आणि टोकाला अक्कलदाढा. 'कोपऱ्यातलं कपाट' हा अल्बम म्हणजे तासभर नुसता गिटारचा ठणका. त्रास व्हायचा, ऐकवत नव्हता, आणि काढून टाकवतही नव्हता.

सगळ्यांत मानाची जागा खालची पहिली दाढ. सहाव्या वर्षी येते ती. भाऊजी म्हणत, तिच्यावरून बाकीच्यांनी कुठे बसायचं ते ठरतं, ती गेली की सगळं तोंड सरकतं. त्या जागी 'उसना कोट'. त्यावर कधी चर्चासुद्धा झाली नाही.

वर्षातून एकदा दवाखाने सुट्टीवर असत. त्या आठवड्यात आम्ही बत्तिशी तपासायला बसायचो. नियम दोन. नवा आणायचा तर जुना उपटायचा. आणि उपटायचा असेल, तर ज्याला तो नको आहे त्यानेच आधी त्याची बाजू मांडायची. हा दुसरा नियम माझा. वाद न्याय्य व्हावा म्हणून केला होता. परिणाम असा झाला की बाजू मांडता मांडता मीच विरघळायचे आणि नको असलेला अल्बम टिकायचा. भाऊजी मिशीत हसायचे. सुट्टीतही त्यांचे हात चालूच असत. घासायचं मशीन घरघरत असायचं आणि आम्ही त्यावर आवाज चढवून भांडायचो.

यात मी एक अधिक शहाणपणा केला. इंडी रॉक ऐकणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्यांचा वार्षिक अंक निघे. त्यात मी 'जिना'च्या शेवटच्या दीड मिनिटावर आठ पानी लेख लिहिला. खाली घुमणारा तो सूर म्हणजे माणूस निघून गेल्यावर घरात मागे राहणारं घर आहे, असं माझं प्रतिपादन होतं. मंडळाने मला अंकाची पाहुणी संपादक केलं. मी दोन व्याख्यानं दिली.

मग दिवस बदलले. डॉक्टर मंडळी तोंडाचं माप छोट्या कॅमेऱ्याने घेऊ लागली, दात कुठल्या तरी मोठ्या यंत्रातून कोरून येऊ लागले. भाऊजींचे गुडघेही कुरकुरत होते. पुतणीने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, फार समजूतदारपणे खोली बंद करायला लावली आणि त्यांना आपल्या घरी नेलं. पाचव्या मजल्यावरचं घर, दुहेरी काचा, टाचणी पडली तर ऐकू येईल. वडिलांसाठी तिने उत्तम स्पीकर आणले, भिंतीवर दोन फळ्या ठोकून घेतल्या, बत्तीसच्या बत्तीस अल्बम ओळीने लावले. याहून मुलीने काय करायचं?

त्याच सुमारास तंत्रशाळेतून निरोप आला. यंत्रं आली तरी मुलांना मेणात दात कोरता यायला हवेत, हात त्यानेच तयार होतो. तर भाऊजींनी आठवड्यातून तीन दिवस येऊन शिकवावं. मला वाटलं, माणूस आनंदाने उडी मारेल. भाऊजी बघू म्हणाले. मग नको म्हणाले. शाळेने महिनाअखेरपर्यंत विचार करा म्हणून सांगितलं.

आणि एके दिवशी पुतणीचा फोन. "काकू, बाबा गाणी लावत नाहीत. एकही नाही. नुसते खुर्चीत बसून असतात. मी विचारलं तर म्हणतात, राहू दे."

मी तडक गेले. गेल्या गेल्या म्हटलं, भाऊजी, बत्तिशी तपासायची राहिली आहे यंदाची, उठा. ते उठले नाहीत. तेव्हा मीच 'उसना कोट' लावला. पहिली तीन गाणी झाली. चौथं लागलं. जिना उतरला, एकेक वाद्य गळालं, बेसचा सूर उरला.

खाली काही नव्हतं.

बेसचा सूर एकटाच, पोरका, उघडा पडल्यासारखा वाजत राहिला आणि थांबला. भाऊजी माझ्याकडे बघत होते. हात वर गेला नव्हता.

"तुम्हाला आलं ऐकू?" त्यांनी विचारलं.

तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेने क्षणात निदान केलं. स्पीकर. हे नवे स्पीकर दिसायला देखणे, पण खालचे सूर गिळतात; मी कुठेतरी वाचलं होतं. पुतणीला तसं ठणकावून सांगितलं. बिचारीने स्पीकर परत करून कपाटाएवढे दुसरे आणले. त्यांतून बेस असा आला की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चप्पल घालून वर आले. घुमणं आलं नाही.

मग भाऊजींनी मनातलं सांगितलं. इथे राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी तो अल्बम लावला होता. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. जन्मभर घासायच्या मशीनपाशी बसून कान गेले, असं त्यांनी धरलं. एवढंच नाही, नंतर बाकीचे अल्बमही त्यांना बारीक, सुके वाटायला लागले. जेवण पूर्वीचंच आणि चव गेलेली, तसं. मुलीला सांगितलं तर ती घाबरेल म्हणून गप्प बसले.

मी म्हटलं, "एवढंच ना? कान तपासू. मीही येते, म्हणजे तुम्हाला एकट्याने बसायला नको." हे मी उदारपणे म्हटलं होतं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी एका बंद खोक्यात बसवलं, कानांवर हेडफोन दिले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. आधी भाऊजी, मग मी. मी परीक्षा चांगली दिली असं मला वाटलं. बटण दाबलं नाही असं कधी झालंच नाही. बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं की भाऊजींचे कान वयाच्या मानाने उत्तम आहेत, वरचे काही सूर गेलेत, खालचे अगदी शाबूत. मग माझ्याकडे वळून त्या जरा मोठ्याने बोलू लागल्या. मी आवाज नसतानाही बटण दाबत होते, आणि असताना बहुतेक वेळा दाबत नव्हते. दोन्ही कानांना मशीन लागेल.

मी म्हटलं, ते माझं नंतर बघू, आधी यांच्याविषयी आनंद साजरा करू या. पण भाऊजी आनंदले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उतरला. लिफ्टमध्ये ते म्हणाले, "वहिनी, कान ठीक आहेत म्हणजे डोकं गेलं."

"काहीतरीच काय बोलता?"

"नसलेला सूर मी इतकी वर्षं ऐकत होतो. असा माणूस पोरांना काय शिकवणार? उद्या नसलेला दात दिसेल."

आता कळलं, शाळेला नकार का दिला होता ते. त्यांच्या आईचं शेवटी तसंच झालं होतं. समोर नसलेल्या माणसांना ती चहा द्यायची. ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यामुळे हे वहिनींनी दटावल्याने जाण्यासारखं भय नव्हतं. मी म्हटलं, मीही ऐकला होता तो सूर, मग माझं डोकं गेलं का? ते मान खाली घालून म्हणाले, तुम्हाला मी हात वर करून दाखवला म्हणून तुम्ही ऐकला. आमच्या लग्नापासून आजवर दिराने मला निरुत्तर केल्याचा, तो दाताच्या नंबराचा सोडला तर, हा पहिलाच प्रसंग, आणि तो साजरा करण्याच्या मनःस्थितीत तेही नव्हते. माझी आठ पानं डोळ्यांसमोर आली. दोन व्याख्यानंही आली.

महिना संपत आला. शाळेला शेवटचं नाही कळवायचं होतं, ते पत्र पुतणी लिहायला धजत नव्हती. अशात जुन्या खोलीतलं सामान घ्यायला एक गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या शहरातला, याच कामातला, बोलका माणूस. भाऊजी यायला तयार नव्हते. मी आणि पुतणीने ओढून नेलं.

खोलीत फक्त ओटा आणि मशीनं उरली होती. गिऱ्हाइकाने घासायचं मशीन चालवून पाहिलं, मेणाची वाटी उलटीपालटी केली, मग वाकून ओट्याखालच्या धूळ ओढणाऱ्या मशीनचं बटण दाबलं. त्याला ते चालू ठेवून जरा वेळ पाहायचं होतं, मोटर तापते का म्हणून. आम्ही त्याच्या बायकोच्या मोतीबिंदूविषयी बोलत होतो. बोलता बोलता मी थांबले. मला त्या माणसाचे शब्द नीट ऐकू येईनात आणि पायांच्या तळव्यांतून काहीतरी वर चढत होतं. मी भाऊजींकडे पाहिलं.

त्यांचा डावा हात वर गेला होता.

खोल, सलग, श्वास न घेता. आमचं घर, माणूस निघून गेल्यावर मागे राहिलेलं ते, ओट्याखाली घुमत होतं आणि प्लास्टरची धूळ गिळत होतं.

भाऊजी गिऱ्हाइकाला म्हणाले, "बंद करा." त्याने केलं. "चालू करा." त्याने केलं. "बंद." तो बिचारा गोंधळून आमच्या तोंडाकडे बघायला लागला, मशीनमध्ये खोट आहे आणि आम्ही ती लपवतो आहोत असं त्याला वाटलं असणार. भाऊजी 'जिना'तला बेसचा शेवटचा सूर तोंडाने गुणगुणू लागले. मशीन चालू झालं आणि त्यांच्या सुराखाली जाऊन बरोबर बसलं, कॅप दातावर बसावी तसं. गाण्याचा सूर आणि मोटरचा सूर, दोन्ही एकच. बाकी गाण्यांत तो गोंगाटाखाली दबून जायचा. 'जिना'च्या शेवटीच तेवढा उघडा पडायचा. मशीन दिवसभर चालू असायचं, म्हणून ते चालू आहे हे आम्हाला दोघांनाही कधी ऐकूच आलं नव्हतं.

भाऊजी प्लास्टरच्या रिकाम्या पिंपावर बसले आणि हसायला लागले. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. पुतणी घाबरून जवळ गेली. तिचा हात धरून ते म्हणाले, "अगं, डोकं जागेवर आहे."

"तुमचं आहे," मी म्हटलं. "माझ्या डोक्याचं मी छापून ठेवलंय."

तेव्हा मला तो ड्रमवाला आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वी 'तीन पायांचं स्टूल'चा कार्यक्रम आम्ही ऐकायला गेलो होतो. प्रत्यक्ष वाजवताना तो घुमणारा सूर नव्हताच. मी म्हटलं, असं स्टुडिओतच साधतं. कार्यक्रमानंतर मी ड्रमवाल्याला दाराशी गाठून विचारलं होतं, 'जिना'च्या शेवटी खाली काय वाजवलंत? तो म्हणाला, कुठे? मी भाऊजींना म्हटलं होतं, पाहा, खरे कलावंत किती नम्र असतात. हे मी, जिने तीस वर्षं वर्गात सांगितलं की पुरावा आपल्या विरुद्ध जात असेल तर आधी आपलं मत तपासा. उत्तरपत्रिकेत कोणी असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं, आणि वर शेरा.

भाऊजींनी गिऱ्हाइकाला सामान देऊन टाकलं, मशीनसकट. मला वाटलं होतं ते ठेवतील. मी तसं सुचवलंही. पण ते म्हणाले, त्याला कामाला लागेल, आपल्याला काय करायचंय? खाली उतरल्यावर त्यांनी पुतणीचा फोन मागून घेतला आणि रस्त्यातच उभं राहून तंत्रशाळेला विचारलं की जागा अजून रिकामी आहे का.

मंडळाच्या पुढच्या अंकात मी दुरुस्ती दिली. सहा ओळी, चुकीला आठ पानं आणि दुरुस्तीला सहा ओळी, हे प्रमाण मला योग्य वाटलं. त्यावर तीन सभासदांची पत्रं आली. तिघांनीही कळवलं की त्यांना तो सूर स्पष्ट ऐकू येतो, चांगले स्पीकर हवेत एवढंच. एकाने अदबीने लिहिलं होतं की माझं वय पाहता मी एकदा कान तपासून घ्यावेत.

घेतले होते. कानाची मशीनं आली, मी घातली, आणि आमचे हे इतक्या मोठ्याने बातम्या ऐकतात हे मला समजलं. आता त्यांना बजावलंय. ते म्हणतात, आधीची तू बरी होतीस.

मग एका रविवारी पाचव्या मजल्यावर बत्तिशी तपासायला बसलो. भाऊजींच्या नखांत पुन्हा मेण होतं. गालही जरा भरले होते. 'उसना कोट' सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला, मोटरशिवाय, दोघांनीही पहिल्यांदाच. झाल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा पहिल्या दाढेच्या जागेवरून काढायचा."

"काढायचा म्हणजे? इतकी वर्षं मानाच्या जागी होता."

"मानाच्या जागी मशीन होतं. अल्बम बरा आहे, वाईट नाही. मागच्या दाढेत बसेल."

"आवडला होता की नव्हता तुम्हाला?"

"होता ना."

"खरंच आवडला होता?"

"खरंच."

"मग तो आवडणं काय खोटं झालं?"

भाऊजींनी विचार केला. असा विचार ते पूर्वी ओट्यावर करायचे, एखादा दात किती घासायचा तो. "आवडणं खरं," ते म्हणाले, "पण त्याचं श्रेय त्या तिघा पोरांना का द्यायचं? त्यांनी जे केलं तेवढ्याचंच त्यांना द्यावं. त्यांचा तो एकटा बेसचा सूर, नुसता, खाली काही आधार नाही, तो काय कमी आहे? आज ऐकला मी. फार धीटपणाने सोडलाय त्यांनी. आपण इतकी वर्षं त्याच्याखाली मोटर लावून ठेवली होती."

यावर मी लगेच हो म्हणायला हवं होतं. पण माझाच नियम होता, ज्याला काढायचाय त्याने आधी बाजू मांडायची, आणि भाऊजींनी ती इतकी चांगली मांडली की आता तो काढायचा तरी कसा, असा मुद्दा मी काढला. त्यांनी तो उडवून लावला. मी नवा काढला. अर्धा तास आम्ही असे भांडलो की पुतणीने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मग भाऊजी घड्याळाकडे बघून उठले. उद्या वर्गात मुलांनी कोरलेले सुळे तपासायचे होते. ती पोरं सुळे इतके टोकदार करतात की माणूस हसला तर कुत्रं भुंकेल, असं म्हणून ते टेबलावर दिवा ओढून बसले. पहिल्या दाढेची जागा रिकामी ठेवा, म्हणाले, घाईने भरलेला दात टिकत नाही.

मी निघताना त्या जागी 'ओला रंग' हळूच सरकवून आले. सुळ्याची दाढ झाली, पण कोणीतरी पुढाकार घ्यायला हवा.

घरी पोचते तोच पुतणीचा फोन. बाबांनी 'ओला रंग' काढून ठेवलाय, आता त्या जागेसाठी एकेक करून बत्तीसच्या बत्तीस लावून बघणार म्हणताहेत, आवाज एवढा आहे की तिला फोनवर माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि खालचे गृहस्थ परत वर आलेत.

"काकू, तुम्ही सांगा ना त्यांना जरा हळू करायला."

मागे काहीतरी कोसळत होतं. मी कानाचं मशीन नीट बसवून ऐकलं. 'कोपऱ्यातलं कपाट'.

"तो शेवटपर्यंत ऐकूच नका म्हणावं," मी म्हटलं, "आणि पहिल्या दाढेच्या जागी ठेवलात तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही, हेही सांग."